एमजीए की कारमन घिया? मराठवाड्यात छोटी युरोपियन कूपे बाळगण्याविषयी

जालन्याच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: हैदराबादच्या एका कुटुंबाकडे १९५८ सालची एमजीए कूपे (ब्रिटनच्या एमजी कंपनीची दोन दारांची, पक्क्या छपराची गाडी) विकायला आहे आणि मुंबईत एक कारमन घिया (फोक्सवॅगनची कूपे) आहे. आपण या दोन्ही जातींच्या गाड्या वापरल्या असल्याचे समजले. मराठवाड्यातले ऊन, रस्ते आणि गॅरेजे लक्षात घेता कोणती घ्यावी? आणि एवढ्या खटाटोपात खरोखर आनंद आहे, की तो छायाचित्रांपुरताच असतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते नकारार्थी असते तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नव्हता. आनंद आहे आणि भरपूर आहे. मात्र तो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास सापडतो. या गाड्यांना लोक ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणतात म्हणून नव्या ग्राहकाची अपेक्षा वेगाची असते, आणि समृद्धी महामार्गावरून साधी आधुनिक डिझेल गाडी सहज मागे टाकून गेली की त्याचा हिरमोड होतो. एमजीएच्या १४८९ सीसी इंजिनाची ताकद सुरुवातीला ६८ आणि नंतर ७२ अश्वशक्ती होती. माझ्याकडच्या १५०० सीसीच्या घियाची तर ४४. हे आकडे आज हसू आणतील असे आहेत, पण याच आकड्यांमुळे चालकाला गाडीची सगळी ताकद वापरता येते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणले तरी आपण कायदा मोडत नाही आणि कोणाच्या जिवावरही उठत नाही. सीट जमिनीलगत असते, स्टिअरिंगला मदतनीस पंप नसतो आणि चाकाखालून गेलेला खडासुद्धा हाताला कळतो. त्यामुळे जो वेग मोठ्या गाडीत कंटाळवाणा वाटतो, तोच इथे पुरेसा वाटतो.

आता मूळ मुद्दा. त्या काळातली छोटी युरोपियन कूपे म्हणजे बहुतेक वेळा कुटुंबासाठी बनवलेल्या साध्या गाडीची यंत्रे, त्यांवर बेतून शिवलेला सुरेख अंगरखा. कारमन घियाच्या पोटात फोक्सवॅगन बीटलची यंत्रणा आहे. आराखडा ट्युरिनच्या घिया या कंपनीचा आणि बॉडी ओस्नाब्रुकच्या कारमनच्या कारखान्यातली. १९५५ साली ती आली आणि १९७४ पर्यंत बनत राहिली. फियाटने १९६५ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जी ८५० कूपे दाखवली, ती त्यांच्या ८५० या साध्या कौटुंबिक गाडीच्याच ८४३ सीसी इंजिनावर, ताकद वाढवून ४७ अश्वशक्तीवर नेलेली होती. ट्रायम्फ जीटी६ ही त्याच कंपनीच्या हेराल्ड या साध्या गाडीच्या चासीवरून बेतलेली होती. आणि एमजीएचे इंजिन ज्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचे, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या हिंदुस्थान ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे धावत होते. व्यास ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, दोन्हीकडे तेच.

या एका गोष्टीमुळे मराठवाड्यात एमजीए बाळगणे मला कधी अवघड गेले नाही. मी तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, इंजिनदुरुस्तीचे आणि लेथकामाचे वर्कशॉप चालवत असे, आणि ऐंशीच्या दशकात हैदराबादहून ही कूपे घरी आणली. मराठवाड्यातल्या माणसाचे हैदराबादशी नाते जुने असल्यामुळे तिथल्या जुन्या गाड्यांची खबर आपल्याकडे मुंबईआधी पोहोचायची. त्या वेळी गेवराईपासून देगलूरपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या गावी ॲम्बेसेडरचे इंजिन डोळे मिटून खोलणारा मेस्त्री मिळत असे. हेड गॅस्केट, पिस्टन रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह गाइड, यांपैकी कशासाठीही इंग्लंडला पत्र लिहावे लागले नाही. अडत असे ते वेगळ्याच ठिकाणी. ॲम्बेसेडरच्या सिलिंडरात मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण सौम्य, साधारण ७.२ ला १ एवढे, तर एमजीएचे ८.३ ला १. त्यामुळे ॲम्बेसेडरचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) बसतो खरा, परंतु त्यातली वजने आणि स्प्रिंगा ठिणगी ज्या गतीने पुढे आणतात, ती गती एमजीएला मानवत नाही. गाडी चालते, पण वरच्या आवर्तनांत मरगळलेली वाटते आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. मूळ डिस्ट्रिब्युटर जागेवर असेल तर त्याचा बुश बदलून घ्यावा. फेकू मात्र नये.

कार्ब्युरेटरचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण या गाडीच्या मालकीतले सर्वांत मोठे सुख मला तिथेच मिळाले. एमजीएला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) शेजारी शेजारी असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. हातभर लांबीची रबरी नळी घ्यावी, तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी न्यावे. फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत दोन्ही थ्रॉटलचे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. मग मिश्रणाची परीक्षा: एका कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलावा. इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन मान टाकू लागले तर कमी आहे, आणि क्षणभर किंचित वाढून पुन्हा पहिल्यासारखे झाले तर बरोबर आहे. वरच्या नळकांड्यात पातळ तेल घालायला विसरू नये, नाहीतर पाय दाबताच गाडी अडखळते. रविवारी सकाळी हे काम करताना वर्कशॉपमधली उमेदवारी करणारी पोरे भोवती जमत, आणि त्यांतल्या दोघा-तिघांचा कान पुढे माझ्यापेक्षा तयार झाला.

आता उन्हाकडे वळू. एमजीए कूपेत उन्हाळ्यात बसणे ही परीक्षा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उघड्या एमजीएवर १९५६ साली पक्के छप्पर चढवून ही आवृत्ती काढली गेली. काचा वर-खाली करायची सोय, मागे वळणदार मोठी काच आणि दाराच्या मागच्या कडेला नाजूक उभ्या मुठी आल्या. दिसायला ती अतिशय देखणी आहे, मात्र इंजिनाची आणि सायलेन्सरच्या पाइपाची उष्णता पायांकडे येते आणि छप्पर ती बाहेर जाऊ देत नाही. इंग्लंडात ही ऊब सुखाची वाटत असेल. वैशाखात, पारा बेचाळीसवर गेलेला असताना, बीडच्या रस्त्यावर नाही. मी इंजिनामागच्या पडद्याला आतून जाड नमदा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा लावून घेतला. लाकडी फळ्यांचा तळ (होय, एमजीएचा तळ प्लायवुडचा असतो) नीट बसवून फटी बुजवल्या, आणि त्यानंतर उन्हाळ्यात दहाच्या आत गाडी सावलीत लावायची, असा नियम ठेवला. माझ्या सासूबाई एकदाच तिच्यात बसल्या आणि अंबडपर्यंत काही बोलल्या नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, “जमिनीवर बसून शेक घ्यायचा तर घरची चूल काय वाईट?” पुढच्या वेळी त्या एस.टी.ने आल्या.

कारमन घियाचे उन्हाशी नाते निराळे आहे. तिला रेडिएटरच नाही, म्हणून पाणी उकळण्याचा प्रश्न येत नाही आणि आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने इंजिनातले मार्ग बुजण्याचाही नाही. मागे बसवलेल्या इंजिनावर पंखा हवा फेकतो आणि अडीच लिटर तेल निम्मे काम करते. एवढ्यावरून ‘हवेवर थंड होणारी गाडी, तिला काय होणार’ असा समज करून घेणारे लोक इंजिन जाळून बसतात. पहिली गोष्ट, इंजिनाभोवतीचा पत्रा आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी पूर्ण हवी. ती पट्टी गायब असली, आणि जुन्या गाड्यांत ती हमखास गायब असते, की खालची तापलेली हवा पुन्हा वर येऊन पंख्यातच शिरते. दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. हिवाळ्यात जालना-परभणीकडे जिनिंगांभोवती कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, आणि ते तेलकट धुळीबरोबर ऑइल कूलरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. हा कूलर १९७० पर्यंतच्या इंजिनांत पंख्याच्या आवरणाच्या आत, नेमका तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो. म्हणून तो बुजला की तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जातो. दर हंगामानंतर आवरण उचलून ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तो साफ करून घ्यावा. उन्हाळ्यात मी एसएई ४० दर्जाचे तेल घालत असे आणि ते लवकर बदलत असे, कारण या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, फक्त जाळी आहे.

पंख्याचा पट्टा हा घियाचा प्राणवायू आहे. तो तुटला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो, आणि तो दिवा दिसताच, पुढचा धाबा कितीही जवळ असला तरी, गाडी जागीच थांबवावी. नवा पट्टा चढवायला फार वेळ लागत नाही. डायनमोच्या पुलीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून ती धरायची, २१ चा नट सोडवायचा, पुलीचे बाहेरचे अर्धे काढायचे आणि पट्टा बसवून पुन्हा आवळायचे. दोन अर्ध्यांच्या मध्ये पातळ वॉशर असतात. पट्टा सैल वाटला तर मधला एखादा वॉशर काढून बाहेरच्या बाजूला ठेवायचा; अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १५ मिलिमीटर दबला म्हणजे ताण योग्य झाला. काढलेला वॉशर खिशात घालायचा नाही, त्याच नटाखाली ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी हाताशी असतो. इतकी साधी, विचारपूर्वक केलेली सोय मी फार थोड्या यंत्रांत पाहिली आहे.

चालवण्याविषयी आपण विचारले आहे, तर माझा आवडता रस्ता सांगतो. पहाटे शहरातून निघून मिटमिट्यावरून दौलताबादकडे जायचे. किल्ल्याच्या बाहेरच्या तटाचा दरवाजा रस्त्यावरच आहे आणि त्यातून एका वेळी एकच गाडी जाते. त्या दगडी कमानीखाली दुसऱ्या गिअरमध्ये एमजीएचा सायलेन्सर असा काही घुमायचा, की कोणी पाहत नाही असे बघून मी पाय जरा जास्तच दाबत असे. पुढे वडांच्या सावलीतून खुलताबादचा घाट लागतो आणि तिथून म्हैसमाळचा वळणावळणांचा चढ. एमजीएच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरच्या चाकांची गती आपोआप जुळवणारी रचना) नाही; चढावर उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रेंगाळली आणि पहिला टाकायची वेळ आली, की क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाची गती वाढवणे, पुन्हा क्लच आणि मग गिअर, हा सगळा खेळ एका श्वासात करावा लागतो. जमला तर लोण्यात सुरी गेल्यासारखा दांडा आत जातो आणि नाही जमला तर अख्ख्या घाटाला कळते. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग इतके नेमके आहे, की वळणावर हात फिरवावे लागत नाहीत, मनगट पुरते.

घिया त्याच रस्त्यावर वेगळी वागते. वजन मागे असल्याने चढावर तिची पकड उत्तम, स्टिअरिंग हलके, आणि खिडक्यांचे खांब इतके बारीक, की चारही बाजूंची दरी, शेते, माणसे एकदम दिसतात. मागच्या बाजूला छोटे आसन असल्याने आमची दोन्ही मुले त्यात वाढली. उतारावर मात्र एक शिस्त पाळावी लागते. तिच्या मागच्या आसाची रचना झुलत्या अर्ध्या आसांची आहे. वेगात वळणात शिरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक आत दुमडू पाहते आणि शेपूट सुटते. वळणाआधी वेग कमी करावा आणि वळणात हलका पाय देत बाहेर पडावे. औट्रम घाटात आजही मी नव्या चालकाला हेच सांगेन, आणि पावसात दोनदा सांगेन.

जीटी६ माझी नव्हती, पुण्याच्या एका स्नेह्याची होती, पण ती पुष्कळ चालवली. दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, बॉनेट उघडले की पुढचा अर्धा भाग पुढे कलंडतो आणि चाकाच्या कमानीवर बसून आरामात काम करता येते. तिच्या पुढच्या चाकांचे ट्रनियन (चाक ज्यावर वळते तो खालचा सांधा) हे हेराल्डचेच दुखणे. त्यांत ग्रीस भरायचे नसते, ९० नंबरचे गिअर ऑइल घालायचे असते. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मराठवाड्यात डॉक्टरांकडे आणि वकिलांकडे पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या कित्येकांचे चाक ग्रीसगनच्या प्रेमापोटी निखळलेले मी पाहिले आहे.

आता व्यवहाराचे. पेट्रोल बदलले आहे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. एमजीएच्या बिडाच्या हेडमध्ये कठीण एक्झॉस्ट सीट (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या) बसवलेल्या नसतील तर त्या झिजत जातात आणि टॅपेट पुन्हा पुन्हा आवळले जातात. घियाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने त्यात सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. आता त्यात वीस टक्के इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच उसाचे ते असल्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला मराठवाड्यात जीभ धजत नाही, तरी जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, हे खरे आहे. इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. एमजीएची वीज पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. हे वायरमनला आधी सांगावे, नाहीतर तो सवयीने उलटी जोडणी करून नवे उपकरण जाळतो. टायरची चिंता नको. दोन्हींची चाके १५ इंची आहेत आणि १६५ आर १५ हे माप दोन्हींना चालते.

जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र अशा नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच परवानगी आहे. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. आपल्याला अधूनमधून सकाळी म्हैसमाळला जायचे असेल, तर जिची साधी नोंदणी जिवंत आहे आणि नूतनीकरण होऊ शकते, तीच गाडी घ्यावी.

या दोघींत मी आपल्याला हैदराबादची एमजीए पाहायला सांगेन. कारण इंजिनाचे नाही, पत्र्याचे आहे. कारमनच्या कारखान्यात घियाचे नाक अनेक तुकडे जोडून, सांधे शिशाने भरून आणि कानशीने घासून बनवत. ते एकदा ठोकले गेले किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेने खाल्ले, की पूर्ववत करणारा डेंटर शोधावा लागतो आणि त्याची मजुरी इंजिनाच्या दुप्पट होते. दिव्यांच्या मागच्या वाट्या आणि दाराखालचे पोकळ पट्टे तिथे आधी सडतात. हैदराबादची हवा कोरडी आहे. घरी आणल्यावर मात्र पावसाळ्यात मडगार्डच्या आत चिकटलेली काळी माती त्याच दिवशी पाण्याच्या फवाऱ्याने काढावी; ती आठवडाभर ओली राहते आणि पत्रा आतून खाते.

पाहायला जाताना चुंबक, विजेरी आणि छोटा टोच्या न्यावा. एमजीएचे बॉनेट, डिकीचे झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. तिथे चुंबक चिकटला तर मूळ पत्रा गेला आहे. बाकीच्या बॉडीवर तो चिकटलाच पाहिजे. घसरला तर खाली लांबी (पुटी) भरलेली आहे. दाराखालच्या पट्ट्यात आणि चाकांमागच्या कोपऱ्यांत टोच्या दाबून पाहावा. मग इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक वाचावा: १९५८ च्या गाडीवर १५जीबी किंवा १५जीडी ही अक्षरे हवीत. ती नसून ॲम्बेसेडरचे इंजिन निघाले, तर गाडी धावेल उत्तम, पण ‘मूळ स्वरूप’ या अटीवर व्हीए नोंदणी अडू शकते. अशा वेळी जुने इंजिन त्यांच्या अडगळीत पडले आहे का, हे विचारावे आणि असल्यास तेही त्याच सौद्यात मागून घ्यावे.